टायर वाढत्या अंगाचे नसतात

मे संपत आला की मुंबईत दोन दुकानांसमोर गर्दी वाढते, एक ताडपत्री-रेनकोटवाल्याच्या आणि दुसरी टायरवाल्याच्या. वर्षभर ज्यांनी स्वतःच्या गाडीच्या टायरकडे वाकून बघितलेलं नसतं ते सगळे पहिल्या सरीच्या आत एलबीएस रोडला नाहीतर कुर्ला-कालिन्याच्या सीएसटी रोडला गाडी तिरकी लावून उभे असतात, मागून बेस्टवाला हॉर्न मारत असतो आणि दुकानातला पोरगा शांतपणे एकच प्रश्न विचारतो, "साईझ काय?" आणि आपण उत्तर काय देतो, तर गाडीचं नाव. "स्विफ्ट." "वॅगन आर." "आय ट्वेंटी."

आता स्विफ्ट ही काही साईझ नाही ना. २०१८ मध्ये जी स्विफ्ट आली तिच्या खालच्या मॉडेलला कंपनीने टायर दिला १६५/८० आर १४ आणि वरच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर १५. इंजिन तेच, पत्रा तोच, टायर मात्र एकमेकांच्या रिमवर चढणारसुद्धा नाहीत. म्हणजे फक्त नाव सांगून उपयोग नाही, टायरच्या गालावर, म्हणजे बाजूच्या रबरावर, जे लिहिलंय ते वाचायला लागतं. मी भांडुपची, आमच्याकडे टायरची अख्खी फॅक्टरी आहे, पण म्हणून काही ते आकडे आपोआप कळत नाहीत, बसून समजून घ्यावेच लागतात. आणि समजून घेतले की त्यात एक भारी गंमत आहे, तिच्यासाठीच हे एवढं लिहितेय.

तर १८५/६५ आर १५. पहिला आकडा १८५, हे मिलिमीटर, टायरची रुंदी. पण ही रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीची रुंदी नाही हां, हवा भरलेल्या टायरचा एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंतचा सगळ्यात जाड भाग. टेप लावून नक्षी मोजलीत तर कमीच भरेल, लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. दुसरा आकडा ६५, इथे बहुतेकांची गाडी अडते कारण सगळ्यांना वाटतं हे पण मिलिमीटरच. नाही, ते टक्के आहेत. टायरच्या भिंतीची उंची, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतचं रबर, ही रुंदीच्या ६५ टक्के. १८५ चे ६५ टक्के म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल, आतले दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे घातलेत ते. आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, तो इंचात.

एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असं तिन्ही, कुठल्या शहाण्याने केलं असेल असं वाटतं खरं. पण ते एका बैठकीत ठरलेलंच नाही, थरावर थर चढत गेलेत. आपल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा टायर असायचा ५.२०-१४, म्हणजे रुंदी पण इंचात आणि रिम पण इंचात, मधे नुसती आडवी रेघ, कारण तो रेडियल नव्हता, जुना क्रॉस-प्लाय, आतले दोरे तिरके, एकमेकांना छेदणारे. टक्क्यांचा पत्ताच नाही, कारण तेव्हाच्या टायरची उंची साधारण रुंदीएवढीच असायची, वेगळी सांगायची गरज काय. रेडियलचं पेटंट मिशलां कंपनीने १९४६ मध्ये घेतलं, मग टायर हळूहळू रुंद आणि बुटके होत गेले, रुंदी मिलिमीटरमध्ये आली, उंची सांगायला टक्के आले, आणि रिम राहिली तिथेच इंचात. १९७५ मध्ये मिशलांनेच टीआरएक्स नावाचा टायर काढून रिमसुद्धा मिलिमीटरमध्ये आणायचा घाट घातला होता. पण त्या टायरला त्याचीच वेगळी रिम लागायची, दुसरा साधा टायर तिच्यावर बसायचा नाही, मग ज्यांनी त्या गाड्या घेतल्या ते महागड्या टायरला कायमचे बांधले गेले आणि ते प्रकरण काही चाललं नाही. म्हणून २०२५ मध्येपण आपण पंधरा इंची रिम म्हणतो. (पद्मिनीचा विषय निघालाच आहे तर, कुर्ल्याला बनायची ती, आणि ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली ऑक्टोबर २००३ मध्ये. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरला ती पण रस्त्यावरून गेली. आता ५.२०-१४ म्हणलं तर दुकानातला पोरगा बघतच राहील.)

आता गंमत. मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडा. झेडएक्सआयचा टायर: १२०.२५ मिलिमीटरची भिंत वर एक आणि खाली एक, झाले २४०.५, त्यात पंधरा इंची रिम म्हणजे ३८१ मिलिमीटर, टोटल ६२१.५. आता खालच्या मॉडेलचा: १६५ चे ८० टक्के १३२, दोनदा म्हणजे २६४, त्यात चौदा इंच म्हणजे ३५५.६. टोटल ६१९.६. फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही! एक टायर अरुंद उंच, दुसरा रुंद बुटका, रिम वेगळी, रुंदी वेगळी, टक्के वेगळे, आणि वर्तुळ जवळजवळ तेच. मी हे पहिल्यांदा मांडून बघितलं तेव्हा मला शाळेतल्या भूमितीच्या बाईंची आठवण झाली, ताळा जुळला की त्या खुश व्हायच्या तसंच काहीतरी. म्हणजे कंपनीने रिम एक इंच वाढवली तेव्हा भिंत तेवढी कमी केली, कारण बाकी सगळं बदललं तरी वर्तुळ बदलून चालणार नव्हतं.

का चालणार नव्हतं? कारण गाडीला किलोमीटर कळतच नाही. तिला फक्त फेऱ्या कळतात. चाकाच्या नाहीतर गिअरबॉक्सच्या बाजूला सेन्सर असतो तो किती फिरलं ते मोजतो, आणि गाडीच्या पोटात एक आकडा आधीपासून भरून ठेवलेला असतो की एका फेरीला अमुक इतकं अंतर. ६२१ च्या टायरचा घेर साधारण १ मीटर ९५ सेंटीमीटर, म्हणजे एका किलोमीटरला पाचशेच्या वर फेऱ्या. त्या मोजून गाडी आपल्याला सांगते तुम्ही ऐंशीने चाललाय, तुमचे चाळीस हजार झाले, तुमचं ॲव्हरेज अठरा पडतंय. हे सगळं त्या एका वर्तुळावर विश्वास ठेवून. एबीएससुद्धा, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टम, चाकांच्या फेऱ्यांवरच चालतं. मला हे कळल्यावर डॅशबोर्डवरचे आकडे जरा वेगळेच दिसायला लागले, ते मोजलेले नाहीत, मानलेले आहेत.

आणि हे वर्तुळ तर रोजच लहान होत असतं. नवीन टायरला साधारण आठ मिलिमीटर खोल खाचा असतात, आणि कायद्याने कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खाच हवी. म्हणजे आठचे दीड झाले की वर-खाली मिळून व्यास तेरा मिलिमीटरच्या आसपास कमी, साधारण दोन टक्के. सावंतवाडी मुंबईहून पाचशे किलोमीटर धरा. घासलेल्या टायरवर तेच अंतर कापायला फेऱ्या जास्त होतात आणि गाडी म्हणते पाचशे दहा झाले. नवीन चार टायर टाकले की गाव दहा किलोमीटर जवळ आलेलं दिसतं. रस्ता तोच, हायवेचं काम तसंच चालू, डायव्हर्जनचे बोर्ड पण तिथेच.

मग आता विचार करा, वर्तुळ आपणच मुद्दाम मोठं केलं तर. आणि आपल्याकडे तर ती हौस फार. लहानपणी युनिफॉर्म घ्यायला गेलो की आई शिंप्याला सांगायची "वाढत्या अंगाचा शिवा", मग जूनमध्ये बाही बोटांच्या पुढे यायची आणि दोन वर्षांनी बरोबर बसायचा. तीच सवय टायरला. दुकानदार पण म्हणतो, "एक साईझ मोठा टाका ना, गाडी भरलेली दिसते, खड्ड्यात आपटत नाही." माझ्या मावसभावाने हेच डोक्यात घेतलं होतं, १८५/६५ च्या जागी २०५/६५ आर १५, रिम तीच. मी त्याला गणित घालून दाखवलं. २०५ चे ६५ टक्के १३३.२५, दोनदा २६६.५, रिमचे ३८१, टोटल ६४७.५. सव्वीस मिलिमीटर जास्त, चार टक्क्यांच्या वर. त्याला वाटत होतं टायर फक्त रुंद होतोय, पण टक्के तेच ठेवले की रुंदीबरोबर उंचीपण वाढते, हेच लोकांच्या लक्षात येत नाही. काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी खरी एकशे चारने पळणार. आता बहुतेक गाड्यांचे काटे मुद्दाम थोडं जास्तच दाखवतात म्हणून पुणे एक्सप्रेसवेच्या कॅमेऱ्यात तो लगेच सापडणार नाही, पण ती जी थोडी सूट होती ती खाऊन टाकली. शिवाय इंजिनला तेवढंच मोठं चाक फिरवायचं म्हणून पिकअप जातो, ब्रेकला मोठं चाक थांबवायचं, स्टिअरिंग जड होतं, आणि रिमलाही स्वतःची रुंदी असते, अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याचे गाल फुगीर राहतात आणि वळणावर गाडी डुलते.

साधारण धरून चाललेला हिशोब असा की व्यासात तीन टक्क्यांच्या वर फरक नको, आणि कमीत कमी असेल तेवढं उत्तम. रुंदी वाढवायचीच असेल तर टक्के खाली आणा. १९५/६० आर १५ केलं तर टोटल येते ६१५, एका टक्क्याने कमी, वर्तुळ जागेवर. आता हे पण सगळ्या गाड्यांना चालतं असं नाही, मॅन्युअलमध्ये आणि ड्रायव्हरच्या दारात जो स्टिकर असतो त्यावर कंपनीने मान्य केलेले साईझ असतात, तो स्टिकर हाच खरा कागद.

पण माझं स्पष्ट मत विचाराल तर मुंबईत राहणाऱ्या माणसाने बुटक्या टायरच्या नादी लागूच नये. शोरूममध्ये वरचं मॉडेल विकताना अलॉय, डायमंड कट वगैरे ऐकवतात आणि ते दिसतंही चकचकीत, पण जुलैमध्ये पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक गेलं की दणका कोण घेतं, तर ती रबराची भिंत. जेवढी भिंत उंच तेवढी ती दबायला जागा. भिंत कमी पडली की रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्या मधे रबर चेचलं जातं, आतले दोरे तुटतात आणि दोन दिवसांनी गालावर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, कुणी "चालेल, आतून पॅच मारतो" म्हणलं तरी नाही, तो कधीही फुटू शकतो. म्हणून मला तर ते खालच्या मॉडेलचे चौदा इंची ८० वाले टायरच आपल्या रस्त्यांना जास्त शहाणे वाटतात, १३२ मिलिमीटरची भिंत, साधी लोखंडी रिम, वाकली तर ठोकून सरळ होते. दिसायला गरीब, पण पेव्हर ब्लॉक उखडलेल्या गल्लीत त्यांचीच चलती.

साईझनंतर अजून दोन-तीन बारीक अक्षरं असतात, ८८एच, ८५टी असं काहीतरी, आणि खरी फसगत तिथे होते कारण तिथपर्यंत कुणी वाचतच नाही. ८८ हा वजनाचा कोड, ८८ किलो नव्हे. त्याचा तक्ता असतो, ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५. गणपतीला पाच माणसं, पाच बॅगा, मखराचं सामान आणि येताना तांदळाची गोण, नारळ, वर टपावर काहीतरी बांधलेलं, अशी आपली गाडी जाते ना, तेव्हा कंपनीने जो कोड दिलाय त्याच्या खाली उतरणं म्हणजे उगाच जिवाशी खेळ. वरचा चालतो, खालचा नाही. त्यापुढचं अक्षर वेगाचं, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर. तुम्ही म्हणाल आपण कुठे १९० ने जातोय, घाटकोपरला तर एकोणीसने जातो. बरोबर. पण ते अक्षर खरं म्हणजे टायर किती उष्णता सहन करतो त्याचं आहे. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे, सिमेंटचा सरळ रस्ता, भर उन्हात तासन् तास एकाच वेगाने, हवा कमी आणि गाडी भरलेली, तेव्हा टायर आतून तापत जातो आणि मग त्या अक्षराचा अर्थ कळतो.

दुकानात मी जेव्हा म्हणलं की ८८एचच पाहिजे तेव्हा काऊंटरवरचे काका म्हणाले, "मॅडम, एकदा साहेबांना फोन करून विचारा ना." आमच्या साहेबांना हवेचा व्हॉल्व्ह कुठे असतो ते मी दाखवलंय. असो. फोन लावला, स्पीकरवर टाकला, ते म्हणाले "ती सांगेल ते करा", मग काकांनी आतून दुसरा टायर काढला.

आणि काढला की लगेच चढवू द्यायचा नाही. एका गालावर डीओटी लिहिलेलं असतं आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे, समजा २३२५ असेल तर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. हा कोड पूर्ण एकाच बाजूला असतो कधीकधी, आणि टायर चढवला की नेमका आतल्या बाजूला जातो, मग गाडीखाली झोपून बघा. रबर गोदामात पडून पडून पण म्हातारं होतं. चारही टायरचे आकडे एकदम सारखे नसले तरी हरकत नाही, पण एक यंदाचा आणि एक तीन वर्षांपूर्वीचा असं नको. आयएसआयचा शिक्का पण बघा, कारच्या टायरला आयएस १५६३३. नक्षी दोन्ही बाजूला वेगळी असेल तर गालावर 'आउटसाईड' लिहिलेलं असतं, ते बाहेरच यायला हवं. कधी बाण असतो, तो पुढच्या दिशेला. घाईत उलटा चढवलेला टायर मी आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये बघितलाय, आणि बाण उलटा म्हणजे पावसात खाचांनी पाणी बाहेर फेकायचं ते नीट फेकलं जात नाही.

गालावरच 'मॅक्स प्रेशर' म्हणून एक आकडा असतो, ४४ नाहीतर ५१ पीएसआय. तो भरायचा आकडा नव्हे! ती टायरची मर्यादा. गाडीला किती हवा लागते ते परत त्या दारातल्या स्टिकरवर. पेट्रोल पंपावरचा पोरगा "कितना?" विचारतो आणि अख्खी मुंबई डोळे मिटून "पैंतीस" म्हणते, मग गाडी अल्टो असो की इनोव्हा.

एक मुद्दा मात्र मी दुकानात सगळ्यात जास्त ताणला. चारही टायर एकदम बदलायचं बजेट नेहमी नसतं, दोनच घेतले जातात, आणि आपल्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या, त्यामुळे पुढचेच आधी घासतात. म्हणून सगळे नवीन दोन पुढे टाकतात. ऐकायला बरोबर वाटतं ना? पण टायर कंपन्या उलटं सांगतात, नवीन दोन मागे आणि मागचे बरे असलेले पुढे. कारण पावसात रस्त्यावर पाण्याचा थर असतो, खाचा त्याला वाट काढून देतात, खाचाच नसतील तर टायर पाण्यावर तरंगतो. पुढचा तरंगला तर स्टिअरिंग हलकं लागतं, हाताला कळतं, आपण ॲक्सिलेटर सोडतो आणि गाडी परत रस्ता धरते. मागचा तरंगला तर हाताला काहीच कळत नाही, कळतं तेव्हा गाडीचं मागचं अंग शेजारच्या लेनमध्ये असतं. ईस्टर्न एक्सप्रेसवर विक्रोळीच्या पुढे पावसात कधी चालवलीय? तिथे हे कळायला प्रयोग करायची गरज नाही. काका म्हणाले, "मॅडम, तीस वर्षं धंदा करतोय, सगळे पुढेच टाकतात." मी म्हणलं माझे मागे टाका. टाकले, पण चेहऱ्यावरून वाटत होतं की मी त्यांना तव्यावर भात करायला सांगितलाय.

स्टेपनीचं पण बघा जाता जाता. वरच्या मॉडेलला चार अलॉय आणि डिकीत मात्र लहान साईझची लोखंडी रिम, असं हल्ली सर्रास असतं, आणि तिच्यावर पिवळा स्टिकर की ऐंशीच्या वर जाऊ नका. ती गावाला पोचायला नाही, पंक्चरवाल्यापर्यंत पोचायला असते. २०२० पासून तर नियमच बदललाय, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी सिस्टम आणि पंक्चर किट असेल तर कारला स्टेपनी दिली नाही तरी चालते. गाडी घेताना डिकीतलं कार्पेट उचलून बघत जा.

बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, तो बिलात दिसायला हवा, आणि साईझ नुसती "१८५ टायर ४ नग" अशी नको, पूर्ण लिहून घ्या, ८८एच आणि तो चार आकडी कोड पण, वॉरंटीला लागतं.

मावसभावाने ऐकलं नाहीच. २०५ टाकले, इन्स्टाला फोटो पण टाकला, गाडी खरंच भरलेली दिसते. आता पाच जण बसवून सोसायटीच्या रॅम्पवर स्टिअरिंग पूर्ण कापलं की खर्रर्र आवाज येतो, आणि त्याचं म्हणणं आहे की सस्पेन्शनला काहीतरी झालंय, रविवारी मेकॅनिककडे जाणार आहे.